ए. बी. बेनाडीकर, फास्ट

इंग्रजी भाषेचं आणि माझं वैर जुनं आहे. मॅट्रिकला तिने मला असं काही लोळवलं की पुन्हा तिचं तोंड बघायचं नाही असा निश्चय करून मी वडिलांच्या लुगड्यांच्या दुकानात गादीवर येऊन बसलो. बेळगावच्या खडेबाजारात लुगडी विकायला इंग्रजी लागत नाही. मराठी लागतं, कानडी लागतं, भावावरून हमरीतुमरी झाली तर हिंदुस्थानी लागतं, आणि सगळं कपाट उलगडायला लावून "बघून येतो हं" म्हणणाऱ्या बाईकडे बघून हसता यावं लागतं. हे सगळं मला येत होतं. बरं चाललं होतं. तरीही तेहेतीस सालच्या वैशाखात मला दुर्बुद्धी सुचली आणि दुकानाच्या पाटीवर मी इंग्रजी शब्द रंगवून घ्यायला गेलो. काढायचे होते दोन, झाला एकच. पुढचा सगळा घोटाळा त्या राहिलेल्या दुसऱ्या शब्दाने केला.

त्याचं असं झालं. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी भुजबली यांच्या मुलीचं, प्रेमलाचं, लग्न ठरलं आणि लग्नाचा सगळा बस्ता माझ्याकडे बांधायचा असं त्यांनी कबूल केलं. अट एकच. त्यांच्या थोरलीच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी वळीव कोसळला होता, नवरीच्या लाल लुगड्याचा रंग नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर उतरला होता, आणि नवरदेव खून करून आल्यासारखा बोहल्यावर उभा राहिला होता. सोयऱ्यांच्या गावात अजून त्याला 'तांबडं जावई' म्हणतात. "अप्पा," भुजबली मला म्हणाले, "दुसरं कायबी चालंल, खरं रंग पळता कामा न्हाय. आमची आई सोताच येऊन बघणार हाय."

ही आई, म्हणजे धोंडूबाई, अजून यायच्या होत्या. शहापूरच्या तम्मण्णा विणकराने संक्रांतीपासून घरातले सगळे माग त्या बस्त्यासाठी जुंपले होते. तो बस्ता मोडला असता तर तम्मण्णाला बायकापोरं घेऊन मुंबईच्या गिरणीत जावं लागलं असतं, आणि मला संकेश्वरला, मेहुण्याच्या गुळाच्या अडतीवर. यांतलं दुसरं संकट जास्त भयंकर होतं. माझा मेहुणा मला सगळ्यांदेखत "काय दाजी, गूळ तरी पारखता येतो न्हवं?" असं विचारतो.

तर तम्मण्णाकडे रंगाचा जर्मन डबा होता आणि डब्यावर 'फास्ट' असं छापलं होतं. एजंटाने त्याला सांगितलं होतं की फास्ट कलर म्हणजे लुगडं फाटेल पण रंग जाणार नाही. मी फास्ट म्हटलं की आगगाडी एवढंच समजत होतो, त्यामुळे जरा दचकलोच. पळू नये म्हणून घेतलेल्या रंगाचं नाव फास्ट कसं? पण जर्मन माणूस डब्यावर उगाच काही लिहिणार नाही. मी ठरवलं की धोंडूबाई येण्याआधी पाटीवर 'फास्ट कलर' हे दोन शब्द झळकले पाहिजेत.

रवळू पेंटर बैलगाड्या रंगवायचा आणि देवळाच्या भिंतीवर मारुती काढायचा. इंग्रजी अक्षरं त्याने जन्मात काढली नव्हती, पण तो म्हणाला, "मारुती काढणाऱ्याला अक्षरांचं काय भ्या?" शिडी लावून दिवसभर तो वर बसून होता. संध्याकाळी बघतो तर 'ए. बी. बेनाडीकर' एका ओळीत आणि खाली 'फास्ट', एवढी रुंद अक्षरं की फळी संपली.

"कलर?" मी विचारलं.

"त्याला खाली नवी फळी ठोकतो की. उद्या."

'उद्या' उजाडल्यावर कळलं की रवळू मेहुणीच्या लग्नाला संकेश्वरला गेला. आमच्याकडे लग्नाला गेलेला माणूस कधी परत येईल हे सांगता येत नाही. वरातीत बैल नाचला तर दिवस वाढतात.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर हुक्केरीकडचा एक शेतकरी गाठोडं घेऊन बसला होता. "फास्ट मोटार हितंच लागती न्हवं?" त्याने विचारलं. कुणा शिकलेल्याने त्याला पाटी वाचून दाखवली होती. इथे लुगडी मिळतात असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, "मिळंनात, मी बसतो." तेवढ्यात शेजारचा घड्याळजी यल्लाप्पा आला. "अप्पा, घड्याळ फास्ट पळालंय तर माझ्याकडं द्यायचं, पाटीवर कशाला लिवायचं?" असं म्हणून त्याने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून नेलं. ते बिचारं अगदी बरोबर चाललं होतं. परत आलं ते मागे पडायला लागून.

यानंतर जे झालं ते यल्लाप्पाच्या धंद्याइतकं निरागस नव्हतं. कँपात एका मेजरसाहेबाकडे भरमू नावाचा बटलर आहे. तो बाजारहाट करून परतताना पाटी वाचून थबकला. मला काही बोलला नाही. सरळ आमच्या घरी जाऊन मागल्या दारी माझ्या बायकोला, यशोदाबाईला, म्हणाला, "आक्का, तेवढी पाटी उतरवा. आमची मेमसाब त्या कप्तानाच्या बायकूला फास्ट म्हणती. म्हंजे... चालीनं जरा हे असत्यात त्यास्नी."

दुपारी बारा वाजून गेले तरी माझा डबा आला नाही. निरोप आला. निरोप असा होता: "आजपातूर मी बाजारातनं मान वर करून चालले. नवऱ्यानं आपल्या नावाखाली आपली चाल लिवून टांगल्यावर काय करू? पाटी उतरली म्हंजे डबा चढंल."

मी चिडलो. पाटी उतरवायची तर शिडी रवळूची, ती तो घेऊन गेलेला. शिवाय बायकोच्या धमकीने उतरवलेल्या पाटीखाली पुरुषाने बसायचं कसं? मी गादीवर भिंतीला टेकून, गालात तंबाखूची चिमूट धरून, डोळे मिटून रागाने बसून राहिलो. या बसण्याचा फोटो काढला असता तर तो नक्कीच तपस्व्याचा निघाला असता.

मारुतीराव मास्तर त्या वेळी वाचनालयातून येत होते. शाळेतून पेन्शन घेतल्यापासून ते सबंध खडेबाजारालाच वर्ग समजतात. त्या वैशाखात पुण्यात तो मोठा उपास चालू होता आणि इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर दुसरं काही नसायचं. मास्तरांच्या काखेत तसलं एक पत्र होतं.

"अप्पा, चहा मागवू का?"

"आज काही नको," मी म्हणालो.

"जेवलात?"

"नाही. जेवणारही नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. मग वर्तमानपत्राचा मथळा पाहिला. तीच चार इंग्रजी अक्षरं.

"बेनाडीकर... उपास!" ते म्हणाले. "अहो, या खडेबाजाराला मी मुर्दाड समजत होतो. आणि तुम्ही कुणाला न सांगता पाटी लावून बसलात!"

मी डोळे उघडून खुलासा करणार तोच मास्तर रस्त्यात पोचले होते. मास्तरांचा आवाज जन्मभर मागच्या बाकापर्यंत पोचलेला. बघता बघता माणसं जमली. हारवाला समोरच होता, त्याने आपणहून हार घातला. ज्यांनी आयुष्यात माझ्याकडून रुमालसुद्धा घेतला नव्हता ते पाया पडू लागले. आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मॅट्रिक नापास माणसाच्या गळ्यात हार पडायचे प्रसंग दोनच, लग्न आणि मरण. हा तिसरा निघाला. मनात म्हटलं, पाच मिनिटं राहू दे, मग सांगू.

त्या पाच मिनिटांत टांगा थांबला आणि भुजबली उतरले. मागून धोंडूबाई. पांढरं लुगडं, काठी, आणि चष्म्याच्या आडून माणसाच्या आतलं बघणारे डोळे. धोंडूबाईंच्या व्रतांची कीर्ती चिकोडीपर्यंत होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस त्या निव्वळ पाण्यावर काढत.

"ह्यो कोण?" त्यांनी मुलाला विचारलं.

"ह्येच अप्पा, आई. लुगडीवालं."

"उपासाला बसलाय?"

"असं म्हणत्यात."

धोंडूबाईंनी काठी बाजूला ठेवून मला हात जोडले. "आजपातूर खडेबाजारात एकबी खरा माणूस मला गावला न्हवता. भुजबली, बस्ता हितंच. खरं व्रती माणसासंगट सौदा त्याचं पारणं झाल्याबिगर करायचा न्हाय. मी हितं बसते."

आता तुम्हीच सांगा, यात मी कुठे तोंड उघडणार होतो? 'बाई, हा उपास नसून अर्धवट रंगकाम आहे' असं म्हटलं की मी लबाड ठरणार, बस्ता समोरच्या दुकानात जाणार आणि मी गुळात. गर्दीच्या मागून तम्मण्णा दोन्ही हात जोडून, गप्प राहा, अशा खुणा करत होता. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

"कवापातूर हाय उपास?" धोंडूबाईंनी विचारलं.

मी शक्य तितकं खरं बोलायचं ठरवलं. पाटी पुरी झाली की सगळा उलगडा आपोआप होणार होता. म्हणून म्हणालो, "रवळू येईपर्यंत."

हा कुठला रवळू, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो फार मोठा माणूस असला पाहिजे असं सगळ्यांना पटलं. मारुतीराव मास्तरांनी हलक्या आवाजात बाजूच्याला सांगितलं, "आत असणार."

धोंडूबाईंनी माझा उपास ताब्यात घेतला. पाणी उकळूनच. दिवस बुडाला की तेही बंद. "गालात काय हाय?" म्हणाल्या. मला तंबाखू थुंकावी लागली. ती पुडी भुजबलींच्याच वखारीतली होती, पण त्या घटकेला तेही दुसरीकडे बघत होते. व्रती माणसाने जागा सोडू नये म्हणून मी दुकानातच झोपायचं ठरलं. मी नाही, त्यांनी ठरवलं.

दिवस मावळायच्या आत यशोदाबाई धावत आली. नवरा आपल्या निरोपामुळे अन्नत्याग करून बसला असा तिचा समज झाला होता, आणि सबंध बाजारात खरं कारण फक्त तिलाच कळलं होतं हे तिला सांगायची सोय नव्हती. तिने डबा आणला होता. झाकण काढलं. पोळ्या, वांग्याची भाजी आणि वाटीभर आमरस.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "राहू द्या ती पाटी जल्मभर. एक घास खावा की वो."

तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या तोंडात पाणी. मी आमरसाकडे बघितलं, मग धोंडूबाईंच्या चष्म्याकडे बघितलं, आणि मान हलवली. गर्दीतून "वाह वा!" असा आवाज उठला. अन्न वाया जाऊ नये म्हणून मारुतीराव मास्तरांनी तो डबा माझ्यासमोर बसून संपवला. आमरसाची वाटी त्यांनी बोटाने पुसून घेतली. त्या माणसाला मी अजून पूर्ण क्षमा केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत बाजारात घोषणा सुरू झाल्या: "रवळूला सोडा!" कुणी सुरू केल्या कळलं नाही, पण सगळ्यात मोठा आवाज त्या हुक्केरीच्या गाठोडेवाल्याचा होता. मोटार येईपर्यंत त्यालाही काहीतरी करायला हवं होतं. तम्मण्णाने नव्या बस्त्यातलं लालभडक लुगडं आणून शालीसारखं माझ्या अंगावर घातलं. "मानाचं," असं तो मोठ्याने म्हणाला, आणि कानात म्हणाला, "म्हातारीच्या नजरंसमोर राहू दे दिसभर." भुकेने मला लुगड्याची घडी पोळीसारखी दिसत होती.

मग फौजदार आले. पोटाने जरा पुढे असलेले, तापट, पण वरून दंगा नको अशी ताकीद आल्यामुळे गोड बोलणारे.

"कोण हा रवळू? कुठल्या गुन्ह्यात आत आहे?"

"ते सरकारलाच ठाऊक!" मारुतीराव मास्तर कडाडले. टाळ्या पडल्या.

फौजदार मला म्हणाले, "अहो, तुम्ही तरी सांगा. रवळूने केलंय काय?"

"काही नाही," मी खरं तेच सांगितलं. "अर्ध्यावर सोडून गेला, एवढंच."

"देशकार्य!" मास्तरांनी गर्दीला समजावून दिलं.

फौजदार परत गेले. तास दीड तासाने आले ते एका दाढी वाढलेल्या माणसाला दंडाला धरून. चौकीच्या कोठडीत रवळू नावाचा एवढाच एक इसम सापडला होता. "घ्या हा तुमचा रवळू! सोडला. आता उठा!" गर्दीने जयजयकार करून त्या माणसाला खांद्यावर घेतलं. तो भेदरून चारी दिशांना नमस्कार करत होता.

"बाबा, कशापायी धरलंतं तुला?" धोंडूबाईंनी प्रेमाने विचारलं.

"कोंबडी, आक्का," तो म्हणाला. "एकच हुती. तीबी म्हातारी."

लोकांनी त्याला खांद्यावरून खाली ठेवलं. धोंडूबाईंनी पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझा उपास, तम्मण्णाचे माग आणि प्रेमलाचा बस्ता, सगळं त्या एका कोंबडीच्या पंखावर तरंगायला लागलं.

"आई, हा तो रवळू नव्हे," मी घाईने म्हणालो. "माझा रवळू कोंबडीला हात लावणार नाही. माझा रवळू मारुतीचा भक्त आहे."

आणि नेमका तेव्हा माझा रवळू आला. एका हातात रंगाचा डबा, खांद्यावर शिडी. बाजारात वळला तो समोर शेकडो माणसं आपल्या नावाने ओरडताहेत आणि पुढे फौजदार. त्याने शिडी टाकली आणि धूम ठोकली. गेल्याच महिन्यात त्याने सरकारी पुलाच्या कठड्यावर मारुती काढला होता, ते आठवलं असावं. "धरा!" फौजदार ओरडले. त्याला धरून आणला.

"बोल, काय काम राहिलंय तुझं इथं?"

"न्हाय जी, फकस्त कलर," रवळू रडकुंडीला येऊन म्हणाला. "कलर लावायचं राहिलंतं बेनाडीकरांच्या दुकानावर."

मी आनंदाने उठायला गेलो. आता सगळं सुटलं! पण फौजदारांचा चेहरा बदलला.

"मास्तर," ते म्हणाले, "कँपात पलटणीचे कलर्स म्हणतात ते काय?"

"झेंडा," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्याच डोळ्यांत वीज चमकली. "झेंडा! अप्पा, झेंडा लावणार होता?"

"अस्सं! उपास, आणि वर झेंडा!" फौजदारांनी रस्त्यावर पाणी मारणाऱ्या पखालवाल्याला हाक दिली. "आधी ती पाटी धुऊन काढ!"

मी ओरडलो, "अहो, ते विशेषण आहे! विशेष्य राहिलंय!" शाळेत शिकलेलं व्याकरण आयुष्यात प्रथमच उपयोगाला आलं, पण पखालवाला ते शिकला नव्हता. त्याने पखालीचं तोंड वर धरलं आणि सोडलं.

रवळूने पाटीचा लाल रंग पाण्यात विरघळणाऱ्या सरसात कालवलेला होता. तेलाचा हात 'कलर' काढून झाल्यावर द्यायचा होता. ते 'फास्ट' पहिल्या सपाट्यात फळीवरून सुटलं आणि खाली जो माणूस लाल लुगडं पांघरून उभा होता त्याच्या टोपीवर, नाकावर, कोटावर आणि धोतरावर आलं. मी नखशिखान्त तांबडा झालो. गर्दी किंचाळली. यशोदाबाई नुकतीच आली होती, तिने रक्त समजून बोंब ठोकली.

भुजबलींनी मात्र रक्त समजण्याची चूक केली नाही. त्यांनी असला कोट आधी पाहिला होता.

"पळाला की रंग!" ते म्हणाले. "अक्षी थोरलीच्या लग्नागत! आई, ऊठ. समोरच्या दुकानात जाऊ."

"भुजबलीअण्णा, हा पाटीचा रंग! लुगड्याचा नव्हे!" मी ओरडत होतो. पण लाल लुगड्यातून लाल पाणी गाळणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? रवळूने तोंड उघडलं तर फौजदारांनी ते दाबलं. तम्मण्णा पायरीवर मटकन बसला. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याचा तो चेहरा मला बघवेना. माझा मेहुणा, गूळ, मानअपमान, सगळं मी त्या क्षणी विसरलो. पोराबाळांचा माणूस. चार महिने त्याच्या घरात खटखट थांबली नव्हती.

भुजबलींचा पाय टांग्याच्या पायरीवर होता. मी पुढे झालो, लुगड्याचा काखेत राहिलेला कोरडा पदर ओढून काढला, आणि तोंडात कोंबला. आणि चावला. चांगला चघळला, चोखला, दोन्ही दाढांखाली फिरवला. भुकेच्या भरात थोडा गिळलाही असेल. मग बाहेर काढला आणि साऱ्या खडेबाजारासमोर धोंडूबाईंना जीभ दाखवली.

अन्नाविना जीभ पांढरी पडते हे वैद्य सांगतात. माझी त्या वेळी धुतलेल्या मांजरपाटासारखी पांढरी होती. तिच्यावर लाल रंगाचा ठिपका नव्हता.

धोंडूबाई काठी टेकत जवळ आल्या. चष्मा सारखा केला. जिभेची उजवी बाजू बघितली, डावी बघितली, "वर उचल" म्हणून खालची बघितली. मग चघळलेला पदर आपल्या पांढऱ्या लुगड्यावर घासून बघितला.

"भुजबली, टांग्यातनं उतर," त्या म्हणाल्या. "रंग घट्ट हाय."

तम्मण्णाने तिथेच भोकाड पसरलं. यशोदाबाईही रडत होती, पण ती माझ्या कोटासाठी.

"खरं, ह्यानं उपास मोडला की, आई," भुजबली जरा कुरकुरले.

धोंडूबाईंनी विचार केला. "कांदा न्हाय. बटाटा न्हाय. हिरवा पाला न्हाय. नुसता कापूस. चालतंय," त्या म्हणाल्या. "आपल्या मालाच्या खरेपणासाठी लुगड्यावर पारणं करणारा मी पैलाच बघते." गर्दीने पुन्हा जयजयकार केला. रवळूच्या डब्यात झेंडा नव्हे, नुसता रंग निघाला, म्हणून त्याला सोडून फौजदारांनी कोंबडीचोराला शोधलं तर तो गर्दीत केव्हाच पसार झाला होता. पायरीवरचा गाठोडेवाला मला म्हणाला, "लई झ्याक झालं. मोटार कवा येती?"

बस्ता बांधला गेला. चघळलेलं लुगडं तेवढं मी मागे ठेवलं आणि यशोदाबाईला दिलं. ती ते सणावाराला नेसते, पदराची ती बाजू आत घेऊन. पाटी कोरीच राहिली. रवळू अधूनमधून विचारतो, "अप्पा, काढू का परत?" मी त्याला मारुती काढायला सांगतो.

गोष्ट इथेच संपली असती तर मी सुखाने मेलो असतो. पण भुजबलींनी लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. मी म्हटलं, चला, त्या दिवसांची भरपाई होईल. आदल्या रात्री मुद्दामच कमी जेवलो. इंग्रजी बोलणारे पाहुणे येणार म्हणून मारुतीराव मास्तरांना बरोबर घेतलं आणि निपाणीला पोचलो. प्रेमला बोहल्यावर लाल लुगड्यात उभी होती, आणि बाशिंग बांधलेला नवरदेव पांढऱ्या कोटात पांढराच राहिला होता. मला अभिमान वाटला. मांडवात पंगती बसत होत्या. तुपाचा वास, बुंदीच्या लाडवांच्या पराती, पोळ्यांच्या चळती. मी पाट बघून बसणार तोच धोंडूबाईंनी मला पाहिलं.

"आलासा! या, या. तुमची जागा हिकडं ठेवलीया."

त्यांनी मला मानाने हाताला धरून पंगतीच्या टोकाला नेलं. तिथे चार म्हाताऱ्या डोळे मिटून बसल्या होत्या. सगळ्या त्या दिवशी कडकडीत उपासाच्या. माझ्यासमोर चांदीचं ताट ठेवलं गेलं. ताटात चांदीचं भांडं. भांड्यात उकळून गार केलेलं पाणी.

"बेळगावचं फास्टअण्णा," धोंडूबाई मांडवाला ओळख करून देत होत्या. "अन्नाचा मोह न्हाय माणसाला." लांबलांबचे पाहुणे येऊन पाया पडत होते. "खरं म्हणजे आज..." असं मी एकदोनदा सुरू केलं, पण चारी म्हाताऱ्यांनी डोळे उघडून पाहिल्यावर पुढचं बोलवेना.

समोरच्या पंगतीत मारुतीराव मास्तर होते. तिसरा लाडू तोंडात सारून त्यांनी मला लांबून खुणावलं, आणि घास गिळून झाल्यावर मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अप्पा, त्या शब्दाचा एक अर्थ तुम्हाला सांगायचा राहिलाच की! फास्ट म्हणजे चिकटलेलं. एकदा बसलं की काही केल्या न सुटणारं."

मी चांदीचं भांडं उचललं आणि पाणी पिऊन टाकलं.